डोंगराच्या अंगावरचा आपला घसरता रस्ता: तेच तेच विचारले जाणारे प्रश्न

गावच्या ग्रुपवर रोज तेच प्रश्न येतात, उत्तरं वर सरकून जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणीतरी विचारते "रस्त्याचं काय झालं भाऊ?" म्हणून एका जागी लिहून ठेवतो. मी काही इंजिनिअर नाही. सेतूचं दुकान आहे, त्यामुळं अर्ज, नकाशे, सातबारे रोज हाताखालून जातात, आणि पाहणीला साहेब लोक आले की त्यांच्यामागं टेप धरून फिरायचं काम माझ्याकडंच येते. येत्या ग्रामसभेत या रस्त्याचं ठरवायचं आहे, त्याआधी एकदा वाचून घ्या म्हणजे सभेत भांडायला तरी नवीन मुद्दे मिळतील.

नेमका कोणता पट्टा घसरते?

पूर्ण रस्ता नाही. खालच्या गावातून वर ढाण्यावर, म्हणजे डोंगरावरच्या वस्तीवर, जाताना नाल्याचं वळण संपलं की आंब्याच्या झाडापासून फुटक्या मोरीपर्यंतचा, दीडएकशे पावलांचा तुकडा. बाकी रस्त्याला खड्डे आहेत, पण खड्डे वेगळे आणि घसरण वेगळी. या तुकड्यात दरीकडची अर्धी बाजू डोंगराकडच्या बाजूपेक्षा वीतभर खाली बसली आहे. मधून जी भेग गेली ती सरळ नाही, चंद्रकोरीसारखी वाकडी आहे, दोन्ही टोकं दरीकडं वळलेली. उन्हाळ्यात मी त्यात हात घातला तर कोपरापर्यंत गेला अन् बोटाला खाली गार ओल लागली, मे महिन्यात! बाजूचा लाईटचा खांबही पाहा, त्याची एका अंगाची तार ताणलेली आहे अन् दुसऱ्या अंगाची लोंबते. खांब चालत नाही, खालची जमीन चालते.

दरवर्षी डांबर टाकतात, तरी काऊन घसरते?

कारण डांबर वर टाकतात अन् रोग खाली आहे.

थोडं समजून घ्या. आपला हा गाविलगडचा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. काळा दगड, त्यावर कुजका दगड म्हणजे आपला मुरूम, मधीमधी तो तांबडा गेरूसारखा चिकट थर, विहीर खोदताना तुम्ही सगळ्यांनीच पाहिला असन. पाणी वरून मुरूमातून झिरपत येते, तांबड्या थरावर अडते, मंग आडवं वाहत जिथं उतार कापलेला आहे तिथून बाहेर येते. फुटक्या मोरीच्या वर जो झिरपा दिवाळीपर्यंत चालू राहतो तो हाच. आता रस्ता कसा केला तर डोंगराची अर्धी बाजू कापली अन् ती निघालेली माती दरीच्या अंगाला टाकून बाकी अर्धा रस्ता तयार केला. म्हणजे डोंगराकडचं चाक पक्क्या जमिनीवर अन् दरीकडचं चाक भरावावर. त्या भरावात काळी माती किती आहे ते भेगेत पाहिलं की कळते.

काळ्या मातीचा स्वभाव कास्तकाराला काय सांगायचा. ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. चैत्र-वैशाखात पडलेल्या भेगा वर बंद व्हायच्या आधी मृगाचा पहिला जोराचा पाऊस थेट त्या भेगेतून खोल जाते. माती जड होते, आतमधल्या पाण्याच्या दाबानं मातीचे कण एकमेकाला धरून राहत नाहीत, अन् भराव त्या तिरप्या जमिनीवरून हळूच बसतो. ओल्या पाटावरून कणकेचा गोळा सरकावा तसा. मंग आपण काय करतो, बसलेल्या जागेत गिट्टी भरतो, वर डांबर, रोलर फिरवतो, लेव्हल झाली, फोटो काढला, बिल निघालं. पण म्हणजे आपण सरकणाऱ्या मातीच्या डोक्यावर दरवर्षी नवीन चार ट्रॉली वजन ठेवलं ना? पुढच्या पावसात ती अजून जोरात बसन. मागं भेगेजवळ खोदलं तेव्हा डांबराचे थर एकावर एक असे निघाले, पुरणपोळ्यांची चवड असते तसे, अन् सगळे दरीकडं कललेले.

इथं माळीणसारखं होईल काय?

हा प्रश्न बायकांनी जास्त विचारला अन् बरोबर विचारला. माळीण ३० जुलै २०१४ ला झालं, पुणे जिल्ह्यात, १५१ लोक गेले. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यात. ते सह्याद्रीतले उभे कडे अन् तिथला पाऊस, डोंगराचा मोठा भागच खाली आला होता. आपल्या इथं जे चाललं आहे ते भरावाचं हळू बसणं आहे, रस्त्यापुरतं. पण म्हणून बिनधास्त राहायचं असं नाही. भरावाच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी जी घरं अन् गोठे आहेत त्यांनी झड लागली की रात्री तिकडं झोपू नये, हे मी स्पष्ट लिहितो, कोणाला राग आला तरी चालन. अन् डोंगराच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या पार वर, नवीन भेग दिसली तर ती आपल्या आवाक्याची गोष्ट नाही. लगेच तहसीलला कळवायचं, भूजल आणि भूगर्भवाल्यांची पाहणी मागायची.

खालून मुरूम नेल्यानं फरक पडला म्हणतात, खरं आहे काय?

खरं आहे. अन् हे लिहायला मला जड जाते, कारण माझ्या घराच्या जोत्यात पण त्यातलाच मुरूम आहे.

उताराचा पायथा म्हणजे भिंतीला लावलेला टेकू. वरचं सगळं वजन त्यावर रेललेलं असते. आपण गेली कित्येक वर्षं पोळा झाला की नाल्याकडून ट्रॅक्टर लावतो अन् त्याच पायथ्यातून सब्बल-टिकासनं मुरूम काढून अंगण, गोठा, घरकुलाचा पाया भरतो. आधी फक्त गावाचे ट्रॅक्टर होते, मंग एक बाहेरचा जेसीबी पण येऊन गेला, कोणी विचारलं नाही. आज तिथं पुरुषभर उंचीचा उभा कडा झाला आहे अन् त्याच्या बरोबर वर रस्त्याची भेग आहे. कागदावर पाहिलं तर मुरूम हे गौण खनिज आहे, महसूल खात्याच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. पण दंडाची भीती राहू द्या बाजूला, टेकू काढून घेतल्यावर वर काहीही बांधलं तरी ते उभं राहणार नाही. ठराव कोणताही होवो, पायथ्यातून मुरूम बंद, ही पहिली ओळ असली पाहिजे. उलट तिथं मोठे गोटे आणून टाकायचे आहेत, पायथा जड करायचा आहे.

वरच्या वावरातलं शेततळं अन् त्या चरांचा काय संबंध?

इथं थोडं उलटं डोकं लावावं लागते. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण लहानपणापासून ऐकतो, जलयुक्त शिवारच्या काळात डोंगरावर सलग समतल चर खोदले, चांगलंच केलं, विहिरींना पाणी आलं. पण घसरणाऱ्या तुकड्याच्या बरोबर डोक्यावर पाणी जिरवलं तर ते जिरून कुठं जाणार? भरावाच्या पोटात. तेवढ्या टप्प्यापुरतं पाणी जिरवायचं नाही, वळवायचं. वरच्या चरांतले आंब्याच्या रेषेतले जे काही चर आहेत ते बुजवून त्यांचं पाणी एका पक्क्या नालीनं बाजूच्या नाल्यात सोडावं लागन.

शेततळ्याचं म्हणाल तर ज्यांचं आहे त्यांना गावानं व्हिलन करायचं काही कारण नाही. त्यांनी संत्र्यासाठी खोदलं, तेव्हा कोणाला माहीत होतं. प्लास्टिकचं अस्तर नसल्यानं ते जानेवारीत रिकामं होते, हे पाणी बाष्प होऊन नाही गेलं भाऊ, खाली गेलं. अस्तर टाकायला मदत मिळवून देऊ, नाही तर जागा बदलू. अन् ती ठिबकची मेन लाईन, जी रस्त्याकडच्या धुऱ्यावरून जाते, तिचा गळका जॉइंट मात्र याच आठवड्यात बदला. दोनशे रुपयांचं काम आहे.

सभेपुढं पर्याय कोणते आहेत?

चार आहेत, पण चारही सारखे नाहीत. एक, आहे तिथंच दुरुस्ती पण पाण्याचा निकाल लावून. दोन, जुनी गाडीवाट, जी माथ्याच्या धारेवरून जाते, ती उघडून रस्ता तिकडून न्यायचा. तीन, या तुकड्यावर डांबर सोडून द्यायचं, मुरूमाचा कच्चा ठेवायचा, फक्त मोटरसायकल, ऑटो, रिकामं ट्रॅक्टर, बंडी अन् अॅम्ब्युलन्सपुरता, जड गाड्या बंद. चार, तुकडा कायमचा बंद. चौथा पर्याय कोणालाच नको आहे, पण काहीच ठरवलं नाही तर एखाद्या झडीत तो आपोआप होणार आहे.

सिमेंटची भिंत बांधली की विषय संपला ना?

सगळ्यात जास्त मतं भिंतीला आहेत कारण भिंत दिसते. उद्घाटनाला नारळ फोडता येते. नालीला कोण नारळ फोडते?

भिंत माती धरते, पण भिंतीच्या मागं पाणी साचलं की ती भिंत राहत नाही, धरण होते, अन् धरणासारखी जाडी तिला दिलेली नसते. म्हणून भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवतात अन् मागं गिट्टीचा थर भरतात. तुम्ही कुठल्याही घाटात पाहा, निम्म्या भिंतींची भोकं मातीनं नाही तर सिमेंटच्याच लेपानं बुजलेली दिसतील. शिवाय भिंतीचा पाया सरकणाऱ्या मातीच्या खाली, पक्क्या दगडात गेला पाहिजे. तो तिथं किती खोल आहे हे खड्डे घेऊन पाहिल्याशिवाय कोणी सांगत असन तर त्याचं ऐकू नका. भराव अन् भिंत दोन्ही मिळून खाली गेलेले मी डोळ्यानं पाहिले आहेत.

आपल्यासारख्या जागी जाळीत गोटे भरून केलेली भिंत बरी, तिला गॅबियन म्हणतात. ती पाणी अडवत नाही, थोडी जमीन बसली तर मोडत नाही, वाकते. गोटे इथलेच लागतात, मजुरी गावातच राहते. पण तीही पायथ्याला, अन् नाली झाल्यावर. आधी पाणी, मंग पायथा, मंग मुरूम, डांबर सगळ्यात शेवटी. हे उलट्या क्रमानं आपण किती वेळा केलं मोजा.

मोरीत नवीन पाइप टाकला तर?

टाकायचाच आहे, पण बारीक नको. आत्ताचा पाइप काडीकचऱ्यानं एका पावसात बुजतो अन् मंग सगळं पाणी रस्त्यावरून भरावात. माणूस आत वाकून गाळ काढू शकन असा १००० एमएमचा ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचा मोठा पाइप, मागा. अन् पाइपाच्या तोंडातून पाणी बाहेर पडते तिथं खाली गोट्यांची फरसबंदी पाहिजे, नाही तर ते पाणी पायथाच कोरत जाते. अजून एक, डोंगरातल्या रस्त्याचा ढाळ डोंगराकडं असला पाहिजे म्हणजे पाणी कडेच्या नालीत पडन. आपल्या रस्त्याचा आता दरीकडं झाला आहे, बसून बसून.

जुन्या गाडीवाटेनं रस्ता नेता येईल काय?

येऊ शकते, पण ज्यांना वाटते उद्या जेसीबी लावला की झालं त्यांनी हे नीट वाचा.

पहिलं, नकाशा. गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात अन् पायवाट तुटक एकेरी रेषेनं. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायवाटेची सव्वाआठ फूट. आपल्या नकाशात खालच्या टप्प्याला दुहेरी रेष आहे, मी स्वतः भिंग लावून पाहिली, पण धारेवर चढल्यावर ती एकेरी होते. म्हणजे वरच्या टप्प्यात जागा घ्यावी लागन, अन् तिथं दोघांचं वावर जाते. सक्तीचं भूसंपादन २०१३ च्या कायद्यानं होते, त्याला वेळ लागते. थेट खरेदीनं, वाटाघाटी करून घेतलं तर लवकर होते, पण त्यासाठी मालक राजी पाहिजे. "गावासाठी फुकट द्या" हे सभेत ज्यांची जमीन जात नाही तेच म्हणतात, हे लक्षात ठेवा.

दुसरं, जंगल. मधला टप्पा वनजमिनीत आहे. इथं वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) कामाचं आहे. रस्ता, शाळा, अंगणवाडी अशा ठरावीक सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायला नको अन् ग्रामसभेची शिफारस लागते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, सहा मीटर रुंदी धरली तर सोळाशे-साडेसोळाशे मीटर लांबी बसते. आपला वनातला टप्पा त्याच्या आत आहे असं टेपनं तरी दिसते, पण पक्की मोजणी वन खात्यासोबतच करावी लागन.

तिसरं, वरचा ढाणा चिखलदरा तालुक्यात आहे, तो अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा कायदा, लागू आहे. खालचं गाव अचलपूर तालुक्यात, तिथं नाही. म्हणजे खालच्या सभेनं ठराव केला अन् वरच्यांना नुसतं कळवलं असं चालणार नाही. वरच्यांची सभा वेगळी होईल, त्यांचा ठराव वेगळा होईल. अन् खरं म्हणजे रस्ता बंद पडला तर आधी तेच अडकतात, आपण नाही. आतापर्यंतच्या तीन बैठकांत वरच्या ढाण्याचा एकच माणूस आला होता, अन् तो पण बोलला नाही, परतवाड्याची बस निघून जाईल म्हणून उठून गेला.

चौथं, चढ. डोंगरी भागात रस्त्याचा चढ साधारण वीसला एक धरतात, नाइलाज असला तर थोडा जास्त. गाडीवाट काही जागी बैलाला जमली म्हणून बसला जमन असं नाही. दोन वळणं तरी नव्यानं घ्यावी लागतील, आणि वळण घेतलं म्हणजे पुन्हा कापणं आलं, पुन्हा भराव आला, म्हणजे नाली नाही केली तर हाच रोग धारेवर.

रस्ता नक्की कोणाचा, तक्रार कोणाकडं?

आपल्या राज्यात ग्रामीण मार्ग अन् इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं, प्रमुख जिल्हा मार्ग अन् राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडं. आपला ग्रामीण मार्ग आहे. आमदाराला भेटा, खासदाराला भेटा, पण अर्जावर रस्त्याचा क्रमांक टाका, नुसतं "आमचा रस्ता" लिहिलेला अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहते.

मागचं काम ज्यांनी केलं त्यांच्याकडून करून घेता येत नाही काय?

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतलं काम असन तर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडं असते अन् तसा बोर्ड रस्त्यावर लावावा लागते. आपल्या रस्त्याचा बोर्ड कोणाच्या तरी गोठ्याला दार म्हणून लागला आहे, नाव सांगत नाही, त्यांनी रात्री गुपचूप आणून ठेवला तरी चालन. तारीख त्यावर आहे. नंतरचं पॅचवर्क वेगळ्या हेडमधून झालेलं दिसते. माहिती अधिकारात मागा: इस्टिमेट, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते. अर्ज मी लिहून देतो, माझ्याकडं फॉर्मेट आहे.

पैसा कुठून येणार?

पंधराव्या वित्त आयोगातून होईल असं जे सांगतात त्यांनी हे पाहावं की त्यातला ६० टक्के निधी पाणी अन् स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला ४० टक्के खुला. त्यातून नाली साफ करणं, खड्डे घेऊन पाहणं एवढं निघन, भिंत नाही निघत. मोठ्या कामाला जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, मुख्यमंत्री ग्राम सडक योजना हे दरवाजे आहेत. वरचा ढाणा आदिवासी भागात असल्यानं आदिवासी उपयोजनेचा पण. म्हणून सांगतो वरच्यांना सोबत घ्या, माणुसकी म्हणून नाही तर निदान हिशोब म्हणून तरी.

जड गाड्या बंद करा म्हणता, मंग संत्रा-कापूस कसा न्यायचा?

रस्त्याचं नुकसान वजनाच्या पटीत नाही वाढत, साधारण चौथ्या घातानं वाढते असं रस्त्यावाले मानतात. म्हणजे चाकाच्या आसावर दुप्पट वजन आलं तर नुकसान सोळा पट. एक भरलेला मुरूमाचा टिप्पर शंभर मोटरसायकलींपेक्षा जास्त मारतो असं समजा. पण घसरण थांबवायला फक्त गाड्या बंद करून भागत नाही, रात्री एकही गाडी नसताना पण ती बसते. जड गाड्या बंद करायच्या त्या भेग उघडी आहे तोवर, माणसं वाचावी म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली प्रशासनाला तसा आदेश काढता येतो, अन् आदेशाशिवाय आपण लावलेलं बांबूचं फाटक म्हणजे रोज एक भांडण.

संत्र्याची गाडी वळणाच्या खाली थांबन, वरून माल छोट्या पिकअपनं. तोडा-दोन तोड्याचा खर्च वाढते, नाही म्हणत नाही. कापसाचं तेवढं अडचणीचं नाही, तो वेचायला लागेपर्यंत जमीन वाळते.

एसटी अन् १०८?

एसटी पावसाळ्यात वळणापर्यंतच येते, तशीही. १०८ साठी मात्र पक्कं करून ठेवा: वरच्या ढाण्यातून पेशंट वळणापर्यंत आणायला दोन गाड्या ठरवलेल्या पाहिजेत, मालकाचा नंबर आशाताईंकडं अन् अंगणवाडीत लिहिलेला. दिवस भरत आलेल्या बायांना झड लागायच्या आधीच खाली नातेवाइकाकडं आणून ठेवणं, हे आपल्या आया करतच होत्या.

रस्ता तिकडून गेला तर माझ्या वावराची वाट बंद होईल ना?

सरकारी रस्ता दुसरीकडून गेला म्हणून तुमची जुनी वहिवाट मरत नाही. कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा करा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नव्हती अन् नव्यानं धुऱ्यावरून पाहिजे असन तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्ही वेगळे आहेत, लोक एकाच अर्जात दोन्ही लिहितात अन् अर्ज पडून राहते.

झाडं लावली तर थांबन काय?

वरवरची धूप थांबन. वाळ्याच्या मुळ्या दोन-तीन मीटर खोल जातात, निर्गुडी अन् बांबू पण चांगले, उतारावर लावूच. पण आपली घसरण त्याच्याही खालून आहे असं वाटते. अन् भेगेच्या काठावर वडा-पिंपळासारखं जड झाड लावू नका, वारा आला की तेच काठ हलवते.

पावसाआधी आपण स्वतः काय करू शकतो?

भेग बुजवायची, पण गिट्टीनं नाही. गिट्टीतून पाणी सरळ आत जाते, आपण मागच्या वर्षी श्रमदानात तेच केलं, मी पण घमेली उचलली. चिकणमाती अन् बारीक मुरूम मिसळून, ओलं करून, थर थर देऊन ठोकून भरायचं, अन् वर थोडा उंचवटा ठेवायचा म्हणजे पाणी थांबणार नाही. डोंगराकडची नाली मोरीपर्यंत मोकळी करायची. दरीकडच्या काठावर खरडपट्टीची माती ढकलायची नाही, ती उचलून दुसरीकडं न्यायची.

अन् मोजणी. भेगेच्या दोन्ही अंगाला लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत, पाच जोड्या. दर रविवारी टेप लावून अंतर वहीत लिहितो. तिसऱ्या जोडीचं अंतर सगळ्यात जास्त वाढते आहे, म्हणजे झिरप्याच्या बरोबर समोरची. साहेब लोकांना भाषणापेक्षा ही वही दाखवली तर ते थांबून पाहतात.

किती पाऊस झाला की रस्ता थांबवायचा?

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात, तो आकडा सोयीचा आहे, दुसऱ्या दिवशी तपासता येते. पण आपल्या इथं एका दिवसाच्या जोरदार पावसापेक्षा तीन-चार दिवसांची बारीक झड जास्त वाईट, कारण पाणी जिरायला वेळ मिळते. दोन्हीपैकी काही झालं की रात्रीची वाहतूक बंद, पाऊस उघडल्यावर आधी खुंट्या मोजायच्या, मंग गाडी सोडायची. अन् झिरप्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा एकदम आटलं तर मोजत बसू नका, लोकांना मागं घ्या.

सभेत ठराव कसा होईल?

कोरमला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असन ते. त्याआधी महिलांची सभा होते, तिथं हा विषय घ्याच, पाणी अन् पेशंट दोन्ही त्यांच्याच डोक्यावर आहे. "रस्ता दुरुस्त करावा" असा एका ओळीचा ठराव करू नका, असे आपल्या रजिस्टरमध्ये सहा पडलेले आहेत. कोणता तुकडा, आधी कोणतं काम, जड गाड्या कधीपासून कधीपर्यंत बंद, गाडीवाटेची मोजणी कोण मागणार, हे लिहा.

तुझं स्वतःचं मत काय?

विचारलंच आहे तर सांगतो. यंदा या तुकड्यावर डांबराचा एक थेंब नको. मुरूमाचा रस्ता, हलक्या गाड्या, वरून पाणी वळवायचं, मोरी मोठी करायची, पायथ्याला गोटे. एक पूर्ण पावसाळा खुंट्या मोजायच्या. भेग थांबली तर इथंच पक्कं करू. नाही थांबली तर पुढच्या उन्हाळ्यात गाडीवाट, अन् तिचे कागद आजपासूनच सुरू करायचे कारण कागदाला पाऊस-ऊन काही लागत नाही, वेळच लागते. वरचे लोक म्हणतील की आम्हाला डांबर दिसलं पाहिजे, नाही तर गाव आम्हाला विसरन. त्यांचं चुकीचं नाही. म्हणून वरच्या ढाण्यापासून फुटक्या मोरीपर्यंतचा चांगला टप्पा आधी डांबरी करावा असं मी सभेत मांडणार आहे. माझ्या घरच्यांनाच हे पटलेलं नाही, ते सोडा.

वही पाहायला कुठं मिळन?

दुकानात काउंटरवर, दोऱ्यानं बांधून ठेवली आहे, कारण एकदा कोणीतरी पानं फाडून त्यात भजे नेले. जुने फोटो कोणाकडं असतील, लग्नाच्या वरातीतले, बंडीवरचे, ज्यात आंब्याचं झाड अन् रस्ता दोन्ही दिसते, ते घेऊन या. त्या फोटोत झाड सरळ आहे काय ते पाहायचं आहे. अन् चौथ्या जोडीची डावी खुंटी कोणीतरी म्हैस बांधायला उपटून नेली आहे, ती परत ठोका म्हणत नाही, फक्त कुठं आहे ते सांगा. ठोकायची मी ठोकतो.